कार्यालयाच्या तारखांची एक्सेल फाइल रोज कुणाकडे तरी रीड-ओन्ली उघडते

कार्यालयवाली · मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार. एरंडवण्यात आमचं मंगल कार्यालय आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. ऑफिसचं सगळं मी बघते. कॉम्प्युटर चार: पुढे काउंटरवर एक, मागच्या खोलीत हिशेबाचा एक, खाली कोठीत एक, आणि वरच्या मजल्यावर आमच्या घरी एक लॅपटॉप. हिशेबाच्या कॉम्प्युटरवरचं एक फोल्डर बाकी तिघांना शेअर केलं आहे आणि त्यात 'तारखा' नावाची एक्सेलची फाइल आहे. कुठल्या दिवशी कुणाचं कार्य, कुठला हॉल, पानं किती, अनामत आली की नाही, सगळं त्या एका फाइलमध्ये. फाइल जुनी आहे. २००८ साली मीच सुरू केली, आणि तीच पुढे वाढवत आणली.

त्रास असा की ही फाइल रोज कुणाकडे तरी नुसती वाचायलाच उघडते. काउंटरवर बहुतेक वेळा पाटी येते, 'लॉक्ड फॉर एडिटिंग बाय ॲडमिन'. पण ॲडमिन कोण? चारही कॉम्प्युटर एकाच माणसाने एकाच दिवशी बसवून दिले आणि चारही ठिकाणी नाव ॲडमिनच ठेवलं. कधी कधी ॲडमिनच्या जागी 'अनदर युजर' असं येतं. मग मी उठून मागच्या खोलीत जाते, तिथून खाली कोठीत, तिथून वर घरी, आणि प्रत्येकाला विचारते, तुझ्याकडे तारखा उघडी आहे का? प्रत्येक जण नाहीच म्हणतो. तोवर समोर बसलेले मुलीचे वडील घड्याळाकडे बघत असतात.

लॅपटॉपवर वेगळंच होतं. तिथे वर पिवळी पट्टी येते आणि लिहिता येत नाही. काउंटरवर नवीन मुलगी ठेवली आहे, तिला तिच्या नावाने वेगळं लॉगिन करून दिलं. तिच्या लॉगिनमध्ये काही पाटीच येत नाही. फाइल गुपचूप उघडते, ती सगळं भरते, आणि सेव्ह करायला गेली की दुसरं नाव मागते.

आणि तिथेच घोळ होतो. नाव मागितलं की माणूस देतो. आमच्या फोल्डरमध्ये आज 'तारखा', 'तारखा कॉपी', 'तारखा नवीन' आणि 'तारखा नवीन २' आहेत. गेल्या वैशाखात एका मुंजीची तारीख 'तारखा नवीन'मध्ये लिहिली गेली. मूळ फाइलमध्ये तो दिवस मोकळा दिसत होता म्हणून मी तोच दिवस एका लग्नाला दिला. सासरे अजून रोज रात्री वहीत नोंद करतात, त्या वहीमुळे तीन आठवडे आधी लक्षात आलं. मुंज सकाळची आणि लग्न गोरज मुहूर्तावरचं, म्हणून कसंबसं बसलं. पण मुंजीच्या घरच्यांना दुपारी दोनला हॉल मोकळा करावा लागला आणि भिक्षावळ त्यांनी त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये केली. बटूच्या आजी जाताना मला म्हणाल्या, "असू दे हो, कार्य झालं ना." त्या चिडल्या असत्या तर मला कमी लागलं असतं.

आता तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा तेच दिवस येतील. त्याआधी हे मुळापासून नीट करायचं आहे. मी केलेले उपाय: सगळे कॉम्प्युटर रीस्टार्ट केले. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'चा चौकोन दिसला, तो काढला, परत आला. दहा वेळा काढला, दहा वेळा आला. फोल्डरमध्ये आठ अक्षर-आकड्यांच्या नावाच्या काही फाइली साठल्या आहेत, त्या मी केलेल्या नाहीत. त्यांना हात लावलेला नाही.

कुठून सुरुवात करू?

पुणे_३० · मंगळवार, रात्री ११.१५

फोल्डरमध्ये व्ह्यूवर जाऊन हिडन फाइल्स दिसतील असं करा. 'तारखा'च्या आधी ~$ लावलेली एक छोटी फाइल दिसेल. सगळ्यांना एक्सेल बंद करायला सांगून ती उडवा. आमच्या प्रेसमध्ये आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो. दुसरं म्हणजे फोल्डरवरच्या त्या चौकोनाच्या मागे लागू नका, तो तसाच दिसत राहतो, त्यावरून आतल्या फाइली रीड-ओन्ली आहेत असं होत नाही.

भोसरीचा_नेटवर्कवाला · बुधवार, सकाळी ७.२०

ताई, तुमचं दोनदा वाचलं. मी एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांची नेटवर्क सांभाळतो आणि हा प्रकार मला महिन्यातून एकदा तरी भेटतो. तुमच्याकडे एक आजार नाही, तीन आहेत, आणि तिघांचं बाहेरून दिसणारं लक्षण मात्र 'लिहिता येत नाही' हे एकच. म्हणून एका औषधाने बरं होत नाही.

सोपे दोन आधी काढतो.

लॅपटॉपची पिवळी पट्टी म्हणजे प्रोटेक्टेड व्ह्यू. फाइल कुणी धरलेली नसते. एक्सेलला वाटतं, फाइल बाहेरून, इंटरनेटवरून आली आहे. माझा अंदाज असा की लॅपटॉपवरचा शॉर्टकट १९२.१६८ अशा आकड्यांच्या पत्त्याने केलेला आहे. पत्त्यात टिंबं दिसली की विंडोज तो पत्ता इंटरनेटवरचा समजतं. हिशेबाच्या कॉम्प्युटरचं जे नाव आहे त्या नावाने नवा शॉर्टकट करा, पट्टी जाईल. तोवर पट्टीवरचं 'एनेबल एडिटिंग' दाबलं तरी चालेल, फाइल तुमचीच आहे.

नव्या मुलीच्या लॉगिनला परवानगीच नाही. शेअर केलेल्या फोल्डरला दोन दारं असतात: एक शेअरिंगची परवानगी आणि दुसरी सिक्युरिटी टॅबमधली. दोन्हींतून जाता आलं पाहिजे, जे दार अरुंद त्याचं चालतं. शेअरिंगमध्ये विंडोज आपणहून सगळ्यांना फक्त 'रीड' देतं आणि पुष्कळदा ते तसंच राहून जातं. दोन्हीकडे तिचं नाव घाला. शेअरिंगमध्ये 'चेंज', सिक्युरिटीत 'मॉडिफाय'.

आणि हे फाइलवर नाही, फोल्डरवर द्यायचं. कारण सेव्ह करताना एक्सेल तुमच्या फाइलवर थेट लिहीत नाही. त्याच फोल्डरमध्ये आठ अक्षर-आकड्यांच्या नावाची तात्पुरती फाइल करतं, सगळं तिच्यात लिहितं, मग जुनी काढून नवीला तिचं नाव देतं. म्हणजे त्या माणसाला फोल्डरमध्ये नवीन फाइल करता आली पाहिजे आणि काढताही आली पाहिजे. तुमच्याकडे साठलेल्या त्या विचित्र नावाच्या फाइली म्हणजे हीच अर्धवट राहिलेली सेव्ह. कुणाला तरी करायची परवानगी आहे पण काढायची नाही, किंवा सेव्ह होता होता मशीन बंद पडलं. लगेच उडवू नका. आधी त्यांची एक प्रत एक्सेलमध्ये उघडून बघा, एखादी हरवलेली नोंद सापडू शकते.

आता मुख्य गोष्ट. पुणे_३० म्हणतात ती ~$ फाइल खरी आहे, पण ती कुलूप नाही. ती दारावरची नावाची पाटी आहे. फाइल उघडणाऱ्याचं नाव एक्सेल त्या पाटीवर लिहून ठेवतं, म्हणजे दुसरा आला की त्याला सांगता येतं. कुलूप लागलेलं असतं फाइल ज्या मशीनवर आहे तिथे, विंडोजच्या हातात. पाटी काढली म्हणून कुलूप निघत नाही. पुष्कळदा पाटी काढायच्या आधी सगळे एक्सेल बंद करतात, कुलूप त्याने निघतं, आणि श्रेय पाटीला जातं.

कुलूप बघायचं तर हिशेबाच्या कॉम्प्युटरवर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक, कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाइल्स. नेटवर्कवरून कुणी काय उघडलं आहे ते तिथे दिसतं. तुमच्याकडे तिथेही सगळे ॲडमिनच दिसतील, म्हणून शेजारचं सेशन्स उघडा, त्यात कॉम्प्युटर कळतो. ओपन फाइल्समधून फाइल बंद करायचीही सोय आहे, पण तो माणूस खरंच काम करत असेल तर त्याचं लिहिलेलं जाईल. आधी विचारा.

एक मात्र लक्षात ठेवा. हिशेबनीस त्याच मशीनवर बसून डी ड्राइव्हमधून थेट फाइल उघडत असतील तर ते या यादीत येत नाहीत. यादी रिकामी आणि फाइल तरी अडकलेली, असं दिसलं तर तिथेच टास्क मॅनेजरमध्ये बघा. कधी कधी खिडकी बंद केलेली असते पण एक्सेल मागे चालू राहिलेलं असतं.

वीज गेली तरी हेच होतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुण्यात सांगायला नको. काउंटर बंद पडला, हिशेबाचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिला. काउंटरने 'मी चाललो' असं सांगितलेलंच नसतं, त्यामुळे हिशेबाचा कॉम्प्युटर त्याच्या नावाने फाइल धरून बसतो. वीज आल्यावर काउंटरवर पाटी येते, ॲडमिन, आणि तो ॲडमिन म्हणजे मघाचा काउंटरच. अशा वेळी ओपन फाइल्समधून बंद करणं हाच उपाय.

आजच करायचं काम म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरवर एक्सेलच्या फाइल, ऑप्शन्स, जनरलमध्ये जाऊन युजर नेम बदला. काउंटर, हिशेब, कोठी, घर. पाच मिनिटांचं काम आहे आणि तुमचे जिने वाचतील.

शेवटचं. तुम्ही लिहिलंय की कधी ॲडमिन येतं आणि कधी 'अनदर युजर'. हे फार कामाचं सांगितलंत. एक्सेलने नीट उघडलेली फाइल असेल तर पाटी असते, नाव येतं. नाव नाही म्हणजे पाटी नाही, म्हणजे फाइल धरणारा एक्सेलच्या नेहमीच्या दारातून आलेला नाही. बॅकअप असेल, अँटिव्हायरस असेल, किंवा फोल्डरच्या खिडकीत उजवीकडे दिसणारा प्रिव्ह्यू. चारही मशीनवर प्रिव्ह्यू चालू आहे का ते बघून सांगा.

लेखापाल_सिंहगडरोड · बुधवार, दुपारी १.०५

वरच्या दादांनी दुरुस्ती सांगितली, पण मूळ अडचण उरतेच. साध्या शेअर फोल्डरमधली एक्सेल फाइल एका वेळी एकालाच लिहायला मिळते. तो बिघाड नाही, तिची रीतच तशी आहे. चौघांना एकाच वेळी लिहायचं असेल तर फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, हलवावी लागेल.

आमच्या ऑफिसात हे केलं तेव्हा दोनदा अडखळलो, ते सांगते. तुमची फाइल २००८ची आहे, म्हणजे बहुधा अजून एक्सएलएस, एक्सेलच्या जुन्या प्रकारातली, आहे. वर नावापाशी 'कॉम्पॅटिबिलिटी मोड' दिसतो का बघा. त्या जुन्या प्रकारात एकत्र काम होत नाही, सेव्ह ॲज करून एक्सएलएसएक्स करा आणि जुनी फाइल दुसरीकडे हलवा, नाहीतर कुणीतरी तीच उघडत राहील. दुसरं, आमच्या एका मशीनवर २०१६चं एक्सेल होतं. त्याने उघडली की बाकी सगळ्यांना पुन्हा लॉक. त्या मशीनवर आता फाइल ब्राउझरमध्ये उघडतो, एक्सेलची वेब आवृत्ती त्याला पुरते.

तोवर नियम एकच ठेवा. पाटी आली तर 'नोटिफाय' दाबायचं आणि थांबायचं. पुढच्याने फाइल बंद केली की एक्सेल आपण होऊन सांगतं. रीड-ओन्लीमध्ये एक अक्षरही लिहायचं नाही.

कार्यालयवाली · शुक्रवार, रात्री ९.५०

दादा, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय सापडलं ते सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

बुधवारी संध्याकाळी चारही ठिकाणी नावं बदलली. लॅपटॉपचा शॉर्टकट खरंच आकड्यांचा निघाला, मुलाने कधीतरी करून दिला होता. नावाने केला, पट्टी गेली. नव्या मुलीचं लॉगिन शेअरिंगमध्ये कुठेच नव्हतं, तिथे फक्त सगळ्यांना 'रीड' होतं. दोन्हीकडे घातलं. तिने माझ्यासमोर एक ओळ लिहून सेव्ह केली, नाव मागितलं नाही, आणि तिने सुटकेचा श्वास सोडला. तिला वाटत होतं तिचंच काही चुकतं.

गुरुवारी अकराच्या सुमारास वीज गेली, पंचवीस मिनिटांनी आली. काउंटरवर फाइल उघडली तर पाटी, या वेळी नाव 'काउंटर'. म्हणजे दादा म्हणाले तसंच झालं. हिशेबाच्या खोलीत जाऊन ओपन फाइल्समध्ये ती ओळ शोधली, काउंटरवर दुसरं काही उघडं नाही याची खात्री केली आणि बंद केली. काउंटरची फाइल लगेच लिहायला उघडली. काउंटरला वेगळा यूपीएस आज सांगितला.

आता 'अनदर युजर'चं. शुक्रवारी सकाळी पुन्हा आला. ओपन फाइल्समध्ये 'तारखा' दिसत होती, पुढे नुसतं 'रीड'. सेशन्समध्ये बघितलं, कॉम्प्युटर कोठीचा.

खाली गेले. कोठी सांभाळणारा मुलगा ताटल्या मोजत होता. स्क्रीनवर एक्सेल नव्हतंच. फोल्डरची खिडकी उघडी होती, 'तारखा'वर एक क्लिक केलेली निळी ओळ, आणि उजव्या बाजूला प्रिव्ह्यूमध्ये आजच्या कार्याची पानं: ३५०. त्याला तेवढंच हवं असतं. पानं किती ते बघायचं आणि त्याप्रमाणे ताटं, वाट्या, पेले काढायचे. तो फाइलवर दोनदा क्लिक करतच नाही, एकदा करतो, आकडा बघतो आणि खिडकी तशीच ठेवून कामाला लागतो. प्रिव्ह्यूसाठी का होईना, फाइल तिकडे दिवसभर उघडी.

दोन वर्षं मी त्याला विचारत होते, तारखा तूच उघडी ठेवलीस ना? आणि तो म्हणायचा, नाही ताई, मी उघडतच नाही. एकदा काउंटरवर पाहुणे बसलेले असताना मी त्याला सगळ्यांसमोर बोलले होते. तो खरं सांगत होता. आज त्याला बाजूला बोलावून तसं सांगितलं, माझं चुकलं म्हटलं. तो नुसता हसला आणि म्हणाला, "मग आता पानं कुठून बघू?"

प्रश्न बरोबर होता. ऑल्ट आणि पी दाबून प्रिव्ह्यू बंद केला, पण त्याला आकडा तर रोज लागतो. म्हणून आता हिशेबनीस रोज सकाळी त्या दिवसाच्या पानांचा कागद छापून कोठीत लावतील.

त्या आठ अक्षरांच्या फाइली नऊ होत्या. प्रत काढून एकेक उघडली. सात रिकाम्या किंवा जुन्या, त्यांत मुख्य फाइलमध्ये नाही असं काही नव्हतं. आठवी उघडलीच नाही. नववीत मार्गशीर्षातल्या एका साखरपुड्याची नोंद होती, छोटा हॉल, अनामत जमा. मुख्य फाइलमध्ये तो दिवस मोकळा होता. सासऱ्यांना विचारलं, त्यांनी वही काढली, त्यात आहे. लगेच मुख्य फाइलमध्ये घेतली. सुदैवाने तो हॉल मी अजून कुणाला दिलेला नाही.

लेखापाल ताई, फाइल एक्सएलएसच निघाली. रविवारी कार्य नाही, त्या दिवशी एक्सएलएसएक्स करून वनड्राइव्हवर नेते. चारही 'तारखा नवीन' वगैरे एकत्र करायला सासरे वही घेऊन शेजारी बसणार आहेत. एकच विचारायचं राहिलं: हिशेबाच्या मशीनवर २०१९चं एक्सेल आहे. ते चालेल, की तिथेही ब्राउझरमध्येच उघडू?

लेखापाल_सिंहगडरोड · शुक्रवार, रात्री १०.२०

२०१९ला ब्राउझरमध्येच उघडा, नाहीतर तेही लॉक करेल. आणि हलवण्याआधी जुन्या फोल्डरची पूर्ण प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.